आडवा पाळणा

आमच्या थोरल्या मुलाचे लग्न झाले आणि वरातीचा घोडा ऐन वेशीवर खाली बसला, ते साल १९८४. घोडा का बसला यावर आमच्या सांडोर गावात आजही दोन मते आहेत. वरच्या आळीचे लोक म्हणतात, खालच्या आळीने त्याला भिजवलेले हरभरे चारले. खालच्या आळीचे म्हणतात, वरच्या आळीचा बँड ऐकून घोडाच काय, हत्तीही बसेल. मला घोड्याविषयी तक्रार करायची नाही. बिचारा दमला होता. पण तो उठेपर्यंत वऱ्हाडाला बोलण्यावाचून दुसरा उद्योग उरला नाही, आणि त्या बोलण्यात माझ्या तोंडून एक वाक्य गेले. पुढे जे काही झाले ते त्या वाक्याने झाले.

वाक्य सांगण्याआधी आळ्यांचे सांगतो. आमचे गाव ताटासारखे सपाट. केळीच्या बागेत पाणी फिरवायचे तर बोटभर उतार काढता काढता माणसाची कंबर जाते. असे असून गावात वरची आळी आहे आणि खालची आळी आहे. वरची कशाने वर, हे कोणी विचारत नाही. विचारले तर वरच्या आळीला राग येतो, न विचारले तर खालच्या आळीला.

तर त्या वेळी माझ्या शेजारी विहीणबाई उभ्या होत्या. रंभाबाई, माझ्या बहिणीची, चंद्रकांताची सासू. राहणार केळवे. पानवेलीची मोठी बाग, आणि बागेपेक्षा मोठा आवाज. आमचे आईबाप लवकर गेले, म्हणून चंद्रकांताचे कन्यादान मी आणि माझ्या बायकोने, सुभद्रेने केले. तेव्हापासून बाई मला व्याही म्हणत. चंद्रकांताला त्या वर्षातून एकदाच माहेरी राहू देत, चैत्रात, आमच्या गावदेवीच्या जत्रेला. तेही सुनेच्या मायेने नव्हे. रंभाबाईंना स्वतःला जत्रेतल्या उंच पाळण्यात बसायला आवडे. इतर माणसे किंचाळत, डोळे मिटत, देवाला हाका मारत. या बाई विडा तोंडात धरून, मामलेदार पीक बघायला निघाल्यासारख्या गोल फिरत.

"यंदा पाळणा येतोय ना, व्याही?" त्यांनी घोड्यावरची नजर न काढता विचारले.

पाळणा येणार नव्हता. मागल्या जत्रेत पाळण्याचे तोंड कुठल्या आळीकडे असावे यावरून भांडण झाले होते. पाळणेवाल्याने आपला पाळणा दोनदा खोलून दोनदा फिरवला आणि तिसऱ्यांदा खोलून जो गेला तो गेलाच. हे मी त्यांना सांगितले.

"मग आमची चंद्रकांता येऊन काय करनार?" रंभाबाई म्हणाल्या. "पानांची खुडणी असते. देवीपुढं नारळ काय, केळव्यालाही फुटतो."

मी चंद्रकांताकडे पाहिले. ती नव्या सुनेच्या बांगड्या बघत होती, आणि बांगड्यांत बघण्यासारखे काही नव्हते. आणि मी ते वाक्य बोललो.

"पाळणा नसेल, विहीणबाई. यंदा पाळण्याहून मोठं येणार आहे."

"काय?"

"ते आताच सांगण्यासारखं नाही."

हे अगदी खरे होते. मलाच ठाऊक नव्हते.

निघताना चंद्रकांता माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, नाय जमलं तर राहू दे. पन आईंना इतक्यात सांगू नको. तेवढे दिवस तरी मला वाटंल की मी येनार हाय."

आता सांगा, यावर माणसाने काय करावे?

*

मी हिलरीकडे गेलो. हिलरीची वाडी आमच्या बागेला लागून. दोघे लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकलो. तो बोटीवर स्वयंपाकी होता आणि तेव्हा रजेवर आला होता. परदेशच्या बंदराला बोट लागली की दुसरे खलाशी जिथे जायचे तिथे जात. हिलरी जत्रा शोधायचा. त्याची बायको थेरेसा म्हणे, "दुसऱ्यांचे नवरे तिकडून अत्तर आणतात. माझा चक्कर आणतो."

संध्याकाळी रस्त्यावरच्या मोरीच्या कट्ट्यावर त्याने काठीने रेतीत चित्रे काढायला सुरुवात केली आणि पाहता पाहता अर्धे गाव जमले.

"पाळना म्हनजे काय रे? गोल गोल," हिलरी म्हणाला. "कुठं जायचं ते आधीच ठावं. रोलर कोस्टरचं तसं नाय. एक असते लाकडाची. ती खडखडते, हलते, वाटतं आता मोडेल. आत बसलेला मानूस सुताराला शिव्या देतो, तीच तिची गंमत. दुसरी पोलादाची. ती लोन्यासारखी जाते. पोलाद वाकवाल तसं वाकतं, म्हनून तिच्यात नाना तऱ्हा."

त्या तऱ्हा त्याने सांगितल्या. एकीत उंदरासारखा लहानसा डबा वळणाच्या पार कडेपर्यंत जातो, माणसाला वाटते खाली गेलो, आणि ऐन वेळी डबा गर्रकन वळतो. एकीत रूळ पूर्ण वर्तुळ करतात, माणूस उलटा होऊन पुन्हा सुलटा येतो. एक बाटलीचे बूच काढायच्या मळसूत्रासारखी. एकीत रूळ डोक्यावर आणि माणसे खाली वटवाघळासारखी टांगलेली. आणि जपानात एक निघाली आहे, तिच्यात माणसे उभी राहून जातात.

"पैसे देऊन उभं?" वरच्या आळीचे पुढारी आत्माराम पाटील म्हणाले. त्यांना ते पटले नाही.

"आणि त्या उलट्या होनाऱ्या गाडीत धोतराचं काय?" खालच्या आळीच्या भालचंद्र राऊतांनी विचारले.

हिलरीने काठीने कान खाजवला. परदेशात हा प्रश्न त्याच्यासमोर आला नव्हता.

मग खरी मजा कशात असते यावर वाद लागला. आत्माराम म्हणाले, उंचीत. भालचंद्र म्हणाले, वेगात. आत्मारामांनी पूर्व म्हटले की भालचंद्रांना पश्चिम म्हणावे लागे, त्यात त्यांचा दोष नव्हता. हिलरीने दोघांनाही मोडीत काढले. "चढताना खाली साखळी वाजते, टक् टक् टक्. तेव्हा मानसाला घर आठवतं, बायको आठवते, कुनाशी भांडन मिटवायचं राहिलं ते आठवतं. आनि माथ्यावरून सुटताना मानूस पुढं जातो नि पोट मागं राहतं. झालं. बाकी सगळी नक्षी."

"ह्याला पोलाद कशाला?" मागून म्हातारी बायजा म्हणाली. "नवरा ताडीच्या दुकानाकडून येताना दिसला की माजं रोज होयाचं."

हसून झाल्यावर मी म्हणालो, "आपण बांधू."

त्या वेळी कोणी मला विरोध केला असता तर बरे झाले असते. पण जत्रा बुडते आहे याची टोचणी दोन्ही आळ्यांना होती, आणि दोघींनाही ती दुसरीमुळे बुडते आहे असे वाटत होते. आत्माराम लगेच म्हणाले, चांदीपकडे एक दगडखाण बंद पडली आहे, तिथे दगडाच्या डब्याचे रूळ गंजत पडले आहेत, मालक आपल्या ओळखीचा. भालचंद्र म्हणाले, खांब आमचे, माडाचे, एकेक असा सरळ की बघत राहा. आराखडा सोपा ठरला. एक मोठा उंचवटा, माडाच्या निम्म्याहून थोडा कमी, मग उतार, मग दुसरा उंचवटा, पहिल्याहून ठेंगणा, मग जमीन. दुसरा ठेंगणा हवा, हे शिकायला आम्हाला परदेशात जावे लागले नाही. बागायतदाराच्या पोराला कळते की पाटाच्या तोंडापेक्षा वर पाणी चढत नाही.

खांब माडाचे आणि रूळ पोलादाचे, मग ही गाडी लाकडी की लोखंडी, असा एक वाद निघाला. हिलरीने निकाल दिला की गाडीची जात रुळावरून ठरते, खांबावरून नाही. वरच्या आळीचे रूळ असल्यामुळे वरच्या आळीला हा निकाल फार आवडला. खालच्या आळीने तो लक्षात ठेवला.

*

परवानगीसाठी मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. अर्ज मी स्वतः लिहिला होता. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात माझे तेव्हा दुसरे वर्ष चालू होते. हात सरावायचा होता, म्हणून अक्षरे मोठी पडत. अर्ज तीन ताव झाला. कारकुनाने तो हातभर लांब धरला.

"अर्ज आहे की दुकानाची पाटी?" तो म्हणाला.

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने मुलाच्या वयाच्या मास्तरापुढे बाराखडी घोकली की अपमान गिळण्याचीही सवय होते. मात्र तो अर्ज त्याने चष्मा न लावता वाचला, हे मी पाहिले.

"यंत्र आहे का?"

"नाही. रहाटाला बैल जुंपून डबा वर ओढायचा."

"म्हणजे बैलगाडी."

"रुळावर आहे."

"मग आगगाडी. ती आमच्याकडे नाही. ती दिल्लीकडे."

"आग नाही हो, साहेब."

"लोक कुठून कुठे जाणार?"

"बसले त्याच्या पलीकडे उतरणार. शंभर पावलांवर."

"शंभर पावलांसाठी गाडी कशाला? चालत जा म्हणावं."

हे बोलणे त्याने इतक्या कळकळीने केले की क्षणभर मलाही पटले. मी त्याला उंचवटे, उतार, पोट मागे राहणे, सगळे समजावले. तो जागेवरून उठला, आतून एक जाड पुस्तक आणले, त्यात तमाशा होता, सर्कस होती, पाळणा होता आणि 'इतर' होते. 'इतर'ला मोठ्या साहेबांची सही लागे आणि मोठे साहेब मेव्हणीच्या लग्नाला गेले होते. लग्न नागपूरला होते.

"पाळण्यात घाला," मी म्हणालो.

"पाळणा गोल असतो."

"हा आडवा आहे."

त्याने विचार केला. मग लिहिले, 'पाळणा (आडवा)', आणि शिक्का मारला. शिक्का मारताना म्हणाला, "जत्रेच्या दिवशी मी येऊन बघणार. उभा दिसला तर बंद करीन."

*

रूळ आले. आमचा लोहार सोनू याने ते वाकवायला घेतले. सोनूची सारी हयात बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यात गेलेली. त्याला कोणी वाकव म्हटले की त्याचे हात आपोआप चाकच करत. मी दुपारी जेवून परत येईपर्यंत त्याने एका रुळाचे जवळजवळ पूर्ण कडे करून ठेवले होते. हिलरी त्या कड्यापुढे हात जोडून उभा. "दिवाकर, हेच ते! उलटं होनारं! राहू दे ना!"

"विहीणबाईंना उलटं करू?" मी विचारले.

हिलरीने रंभाबाईंना पाहिले होते. कडे सरळ करण्यात दोन दिवस गेले.

सल्ले तर येतच होते. एकाने सांगितले, रुळांना एरंडेल लावा. दुसऱ्याने सांगितले, खोबरेल, एरंडेलाने प्रवाशांवर भलताच परिणाम होईल. नायगावकडून मीठवाले हरेश्वर मुद्दाम बघायला आले, सगळ्या खांबांभोवती फिरले आणि जाताना म्हणाले, "लाकूड बरं हाय. मोडलं तर चुलीला व्हईल." सुभद्रा तर रोज जेवताना विचारी, "आज काय मोडलं?" आणि काही मोडले नसले तर तिला चुकल्यासारखे होई.

पण गाडी उभी राहिली. जत्रेच्या आदल्या सकाळी आम्ही डब्यात केळीचे घड भरले, चांगले सहा माणसांच्या वजनाचे, आणि बैल चालवला. रहाट उलट फिरू नये म्हणून त्याला एक खुंटी असते, ती दात्यांवर वाजू लागली: टक्, टक्, टक्. हिलरीने डोळे मिटले. "तोच आवाज," तो म्हणाला. माथ्यावर शिडीला धरून मी उभा होतो; दोराची खीळ ओढायचा मान माझा. मी ओढली. डबा धडधडत खाली गेला, दुसऱ्या उंचवट्यावर चढला, पलीकडे उतरला आणि पेंढ्यांच्या ढिगात जाऊन थांबला. केळी जरा काळी पडली, पण एकानेही तक्रार केली नाही. लोकांनी मला खांद्यावर घेतले. माझ्या आयुष्यात मला खांद्यावर घेतले ते तेवढेच. मी लगेच केळव्याला निरोप धाडला: या.

निरोप घेऊन माणूस गेला आणि भालचंद्र आले.

ते दुसऱ्या उंचवट्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. पहिला उंचवटा वरच्या आळीच्या हद्दीत पडत होता आणि दुसरा खालच्या. "दिवाकर," ते म्हणाले, "आपल्या देवीची पालखी निघते तेव्हा अर्ध्या वाटेवर खांदेकरी बदलतात. बरोबर?"

"बरोबर."

"वरच्या आळीच्या खांद्यावरून ती आमच्या खांद्यावर येते तेव्हा दांडी तसूभर तरी खाली येते का?"

येत नाही. ती येऊ नये म्हणून खालची आळी खांदेकरी निवडताना उंची बघते, हे साऱ्या गावाला माहीत आहे. एका वर्षी उंच माणसे कमी पडली तेव्हा दोघांनी डोक्यावरच्या टोप्या खांद्यावर ठेवल्या होत्या.

"मग उद्या साऱ्या पंचक्रोशीसमोर वरच्या आळीचा उंचवटा एवढा, आनि आमचा एवढासा?"

मी पाटाचे सांगितले. पाणी तोंडापेक्षा वर चढत नाही, डबाही चढणार नाही. हिलरीने जगातल्या सगळ्या बंदरांची साक्ष काढली. भालचंद्रांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांना सगळे कळत होते. त्यांची स्वतःची बाग माझ्यापेक्षा मोठी.

"पाण्याला मान नसतो, दिवाकर," ते म्हणाले.

आत्मारामांकडे गेलो. म्हटले, तुमचा उंचवटा थोडा कमी करा, म्हणजे दोन्ही बसतील. ते म्हणाले, "पहिल्यापासून वर आहोत. आता खाली येऊ?" मी दोन्ही घरांच्या पायऱ्या संध्याकाळपर्यंत झिजवल्या. सकाळी उठून पाहतो तर खालच्या आळीने आपल्या खांबांखाली दगडांचे चौथरे घालून उंचवटा वरच्या आळीच्या बरोबरीने आणला होता. आणि मान कमी पडू नये म्हणून मूठभर जास्तच.

स्टेशनाकडून रंभाबाईंची बैलगाडी वेशीत शिरत होती.

*

बाई अकरा माणसे घेऊन आल्या होत्या. पाळण्याहून मोठे काय, ते बघायला केळव्याहून येईल तो आला होता. चंद्रकांता मागे बसली होती. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने आधी त्या उंचवट्यांकडे आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिले. बहीण ती बहीण. तिने ओळखले.

"विहीणबाई," मी म्हणालो, "प्रवासाचा शीण असेल. आधी घरी चला, खाजं खा. बघू मग उद्या."

"खाऊन बसायचं नसतं अशात," रंभाबाई म्हणाल्या. "कुठून चढतात?"

पहिल्या फेरीत आत्माराम आणि भालचंद्र बसणार होते. पुढे कोण यावर ते सकाळपासून भांडत होते. बाई सरळ जाऊन पुढच्या फळीवर बसल्या. दोघे पुढारी मुकाट्याने मागे बसले. रुळावर नारळ फुटला. कारकूनही आला होता. तो गाडी उभी आहे की आडवी हे मान वाकडी करून बघत होता. हिलरी माझ्या कानाशी म्हणाला, "दिवाकर, अजून वेळ हाय." पण वेळ नव्हता. बैल निघाला होता.

टक्. टक्. टक्.

माथ्यावर उभा राहून मी त्यांना वर येताना पाहिले. आत्मारामांचा चेहरा केळफुलासारखा झाला होता. भालचंद्रांनी त्यांचा हात धरला होता. दोघांनाही ते ठाऊक नसावे. रंभाबाई मात्र तोंडात विडा धरून समोर बघत होत्या. आणि मला घर आठवले, बायको आठवली, आणि खाली गर्दीत पदर मुठीत आवळून उभी असलेली बहीण तर समोरच दिसत होती.

मी खीळ ओढली.

डबा गेला. अशी किंकाळी उठली की देवळातली कबुतरे उडाली. दोर सुटल्याबरोबर पलीकडे रहाटाचा बैल एकदम हलका झाला आणि धावत सुटला तो थेट खाज्याच्या दुकानात. इकडे डबा तळाला जाऊन दुसऱ्या उंचवट्यावर चढू लागला. चढला, चढला, चढतच गेला. खालच्या आळीने श्वास धरला. माथा हातभर राहिला असेल, आणि डबा थबकला.

मग तो मागे आला.

पाठमोरा, आणि बघणाऱ्याला वाटावे पहिल्याहून जोरात. माझ्याकडे चढत आला, मला वाटले मला घेऊनच जातो, तोच थबकून पुन्हा खाली. पुन्हा तिकडे. पुन्हा इकडे. भालचंद्रांची टोपी तिकडे जाताना उडाली आणि इकडे येताना आत्मारामांच्या मांडीत सापडली. दर खेपेला चढ थोडा कमी, आणि शेवटी डबा दोन्ही उंचवट्यांच्या मधे, तळाला, लहान मूल झोपल्यावर पाळणा राहावा तसा राहिला.

सारी जत्रा डब्याभोवती गोळा झाली.

बैल नव्हता, म्हणून डबा माणसांनी ओढायचा ठरला. डब्याला दोन्ही बाजूंना आकडे होते. वरच्या आळीने आपल्या बाजूच्या आकड्याला दोर लावला. म्हणे, डबा आमच्याकडून निघाला, आमच्याकडेच यायला हवा. खालच्या आळीने आपल्या बाजूला लावला. त्यांच्याकडे उतरायचा होता, त्यांच्याकडेच उतरेल. दोन्हीकडून चाळीस-चाळीस माणसे ओढू लागली. डबा जागचा हलेना. मी शिडीवरून उतरून मधे धावलो. "अरे सोडा, आत माणसं आहेत!" पण माझे कोण ऐकतो? आत आत्माराम आपल्या माणसांना जोर लावा म्हणत होते, भालचंद्र आपल्या.

मी रंभाबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. हात जोडले. हिलरीला माझी दया आली. तो गर्दीतून ओरडला, "बाय, ही अशीच असते! अमेरिकेत हाय अशी, मुद्दाम केलेली! पुढं जाते नि मागं येते!"

जन्मात मी हिलरीचा इतका ऋणी झालो नाही, आणि त्याच्यावर इतका कमी विश्वासही कधी ठेवला नाही.

रंभाबाईंनी पुढे आलेले केस मागे सारले. विडा तोंडात नव्हता. तो त्यांनी कधी गिळला हे त्यांनाही आठवत नव्हते.

"व्याही," त्या म्हणाल्या, "पाळण्यात मानूस पुढं बघून घाबरतो. हितं मी पाठमोरी घाबरले." त्यांनी दोन्ही उंचवट्यांकडे पाहिले. "चाळीस वर्सं झाली, कुनी मला घाबरवलं नव्हतं."

मग डब्यातच उभ्या राहून त्या दोन्ही आळ्यांवर ओरडल्या, "ए! ओढायचं तर नीट ओढा! आधी त्यांनी त्यांच्याकडं ओढा, पार वरपर्यंत, नि सोडा! मग ह्यांनी ओढा! बघू कोन जास्त वर नेतो!"

एवढेच हवे होते. वरच्या आळीने डबा आपल्या उंचवट्यावर नेऊन सोडला. खालच्या आळीने तो येताच झेलून आपल्याकडे त्याहून वर नेऊन सोडला. बैलाची गरज उरली नाही. गावात शंभर वर्षे नुसते पडून असलेले भांडण प्रथमच कामाला लागले. दिवस मावळेपर्यंत डबा थांबला नाही. दोर ओढायला माणसे रांग लावून उभी होती, आणि बसायला त्याहून मोठी रांग. कारकूनही दोनदा बसला. उतरल्यावर म्हणाला, "आडवाच आहे."

रंभाबाई पाच वेळा बसल्या. सहाव्या वेळी चंद्रकांताला ओढून शेजारी बसवले. ती इतकी ओरडली की मला तिचे लहानपण आठवले; विहिरीत पहिली उडी मारताना अशीच ओरडली होती. उतरली तेव्हा सासूच्या दंडाला तिने गच्च धरले होते, आणि सासूने दंड सोडवून घेतला नव्हता.

"व्याही," घरी खाजे खाताना बाई म्हणाल्या, "पोरीला राहू द्या आठवडाभर. पानं काय, मी खुडीन."

सुभद्रा माझ्या पानात वाढता वाढता म्हणाली, "आज काय मोडलं?"

*

तो आडवा पाळणा आम्ही पुढे चार जत्रा उभारला. पाचव्या वर्षी खांब किडले आणि हरेश्वर म्हणाले होते तसे चुलीला झाले. मग खाडीपलीकडे मोठी, विजेवर चालणारी, खरी पोलादी गाडी आल्याचे कळले. हिलरी रजेवर आला होता, त्याने आम्हाला नेले: मी, सुभद्रा, चंद्रकांता आणि रंभाबाई. तोवर बाईंची सत्तरी उलटली होती. तिथल्या माणसाने वय बघून अडवले, तेव्हा त्यांनी त्याला त्याच्या आईचे नाव विचारले आणि आत जाऊन बसल्या. गाडी लोण्यासारखी गेली. वळली, पडली, उसळली, सारे काही हिलरीने रेतीत काढले होते तसेच.

"कशी वाटली?" मी विचारले.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पन ओढनारी मानसं दिसत नाय. मग कुनासाठी ओरडायचं?"

तरी त्या पुन्हा एकदा बसल्या, चंद्रकांताला घेऊन. त्यानंतरच्या चैत्रात चंद्रकांता जत्रेला आली नाही. तिला अडवणारे आता घरात कोणी नव्हते. मी आणायला गेलो, तर म्हणाली, "दादा, यंदा नको. पानं खुडायची राहिलीत," आणि बागेत निघून गेली.

रंभाबाई त्याच वर्षी, १९९१ साली, संक्रांतीच्या आदल्या दिवशी केळव्याला वारल्या होत्या.